सुरगावच्या वाटेवर

पवनारची धाम नदी मागे टाकून चालायला लागा आणि चालता चालता वर्षंही मागे टाका. डांबर संपतं, विजेचे खांब दिसेनासे होतात, पायाखाली काळी माती येते. 1947 च्या आसपासचा पावसाळा. दोन्ही अंगांना पऱ्हाटी, आणि चपलेला सोडता सोडत नाही असा चिखल. चपला हातात घ्या. सुरगाव पवनारच्या परमधाम आश्रमापासून तीनेक मैलांवर आहे.

पुढे एक किडकिडीत, दाढीवाला माणूस झपाझप चाललाय. कमरेला पंचा, खांद्यावर फावडं. हे विनोबा भावे. 1946 पासून ते सुरगावात मैला उचलायला जातात. फावडं गावातच का ठेवत नाही, असं लोक विचारतात. शिपाई बंदूक बरोबर घेऊनच निघतो, असं त्यांचं उत्तर असतं.

गाव जवळ आल्याचं आधी नाकाला कळतं. वाटेच्या कडेला माशा घोंगावताहेत. फावडं जमिनीलगत अलगद सरकवावं लागतं. झटका दिला की शिंतोडे उडतात. मैला उचलायचा, खड्ड्यात टाकायचा, वर माती लोटायची. पुढे त्याचं सोनखत होतं. तुम्ही नाकाला रुमाल लावता आणि मनात येतं, देवाची कृपा, आपण या कामाच्या घरात जन्मलो नाही!

त्या विचारापाशी जरा थांबा. आपण सुटलो, एवढंच त्यात आहे. जो सुटला नाही, त्याची आठवणही त्यात नाही.

विनोबाही सुटलेलेच होते. 1895 साली गागोद्याच्या ब्राह्मण घरात जन्म, पोथ्या हाताशी, आईच्या तोंडी भजनं. साबरमतीच्या आश्रमात मैला वाहणारा माणूस आजारी पडला आणि त्याच्या लहानग्या पोराला भरलेली बादली पेलेना, तेव्हा विनोबांचे धाकटे भाऊ बाळकोबा मदतीला धावले. मागोमाग विनोबाही. त्या पोरानं काय पाप केलं होतं? आणि या भावांनी कोणतं पुण्य?

आता आणखी एका सकाळी या. पाऊस कोसळलाय, वाटेतला नाला दुथडी भरलाय. तुम्ही सुरगावच्या काठावर आहात, विनोबा पलीकडे. पाण्याच्या आवाजातूनही ते हाक देतात, देवळात जाऊन देवाला निरोप सांगायला सांगतात. तुमच्या शेजारचा गावकरी कबूल होतो, बाबाजी आले होते असं सांगतो म्हणतो. विनोबा त्याला दुरुस्त करतात. बाबाजी नव्हे, गावचा भंगी आला होता, असं सांगायचं.

जन्मानं फुकट दिलेला मान त्यांनी काठावरच उतरवून ठेवला. तरीही एक गोष्ट नजरेआड करू नका. वीस वर्षं हे काम करायची त्यांची तयारी होती, पण जानेवारी 1948 मध्ये गांधीजींची हत्या झाली आणि दुसऱ्या कामानं त्यांना बोलावलं. ते जाऊ शकले. त्या कामातच जन्मलेल्याला जाता येत नव्हतं. म्हणून त्याच काळात दिल्लीत बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली लिहिला जात असलेला राज्यघटनेचा मसुदा इथल्या फावड्याइतकाच मोलाचा होता. त्याच घटनेच्या कलम 17 नं अस्पृश्यता रद्द केली.

आता परत या, तुमच्या फ्लशच्या बटणाकडे. हातानं मैला उचलायला लावण्यावर 2013 च्या कायद्यानं बंदी आहे. तरी आजही माणसं गटारात उतरतात आणि गुदमरून मरतात. चांगल्या घरात जन्मलो याचा आनंद जरूर माना. आईबापांचे, नशिबाचे आभार माना. पण त्या आभारांची किंमतही मोजा. तुमच्या सोसायटीची टाकी कोण साफ करतं, त्याला काय मिळतं, हे विचारा. माणूस उतरवायची वेळ आली तर आडवे या आणि यंत्र मागवा, वर्गणी वाढली तरी. ज्या कष्टांतून जन्मानं आपल्याला सोडवलं, ते दुसऱ्याच्या जन्मावर पडू न देणं, हेच आपलं देणं आहे.