पडद्याआडचे रोगी : मनुचीच्या बखरींतील कांहीं पानें

देवगिरीच्या यादवांच्या राज्यांत वैद्यकाचा अभ्यास चांगला होता, याविषयीं पुरावा भरपूर आहे. हेमाद्रीनें वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर आयुर्वेदरसायन ही टीका रचिली. त्याच्या आश्रयास असलेला बोपदेव हा केशव नांवाच्या वैद्याचा पुत्र. त्याची शतश्लोकी अभ्यासकांस परिचित आहे. संगीतरत्नाकराचा कर्ता शार्ङ्गदेव हा तर सिंघणाचा श्रीकरणाधिप. परंतु गायनाच्या ग्रंथांत आरंभींच त्यानें पिंडोत्पत्तीचें प्रकरण घातलें, आणि रोगार्तांस औषधें देऊन आपण त्यांची पीडा निवारिली असें स्वतःविषयीं सांगितलें. मात्र या सर्व ठिकाणीं बोलणारा तो वैद्य. काढा कोणता व किती द्यावा हें कळतें. तो ज्याच्या घशाखालीं उतरला त्याचें म्हणणें काय, हें कळत नाहीं. शास्त्रग्रंथाकडून ती अपेक्षा करणेंही योग्य नव्हे.

त्या किल्ल्यापासून चारपांच कोसांवर मलिक अंबरानें इ. स. १६१० त खडकी शहर वसविलें. तेंच पुढें औरंगाबाद झालें व २०२३ सालीं त्यास छत्रपती संभाजीनगर हें नांव मिळालें. या शहरीं इ. स. १६७८ नंतर शहाजादा शहाआलम दक्षिणेचा सुभेदार म्हणून पुन्हा आला, तेव्हां त्याच्या पदरीं निकोलाव मनुची हा व्हेनिसचा मनुष्य वैद्य म्हणून होता. रोग्याची चाहूल आम्हांस प्रथम लागते ती याच्या लेखनांत.

मनुचीनें वैद्यक कोणा गुरूपाशीं शिकल्याचा दाखला नाहीं. तो इ. स. १६५६ त सुरतेस उतरला, दाराशुकोहाच्या तोफखान्यांत राहिला, आणि धनी बुडाल्यावर कांहीं वर्षांनीं लाहोरास वैद्य बनला. तेथील काजीच्या बायकोस कोठा बंद होऊन प्राणसंकट आलें असतां यानें गाईची कास व हुक्क्याची नळी जोडून बस्ती दिली व बाई वांचली. स्वतःच्या फुशारक्या सांगण्यांत हा गृहस्थ कमी नाहीं. पण कास आणि नळी यांसारखा तपशील बहुधा कल्पनेंतून सुचत नाहीं. शिवाय जनावराच्या मूत्राशयाची बस्ती आमच्या वाग्भटासही मान्य आहे. ज्या युक्तीचा हा फिरंगी अभिमान मिरवितो, ती हेमाद्रीस नवी वाटली नसती!

शहाआलमाच्या एका बेगमेचें कानाचें दुखणें बरें केल्यावर त्यास शहाजाद्याची नोकरी मिळाली. पुढें तो जें सांगतो तें आमच्या विषयास फार महत्त्वाचें आहे. वैद्यास महालांत नेतांना डोक्यापासून कमरेपर्यंत वस्त्रानें झांकीत व खोजे हात धरून चालवीत. (बर्नियेही आपल्यास शालीखालीं आंधळ्यासारखें नेल्याचें लिहितो.) मनुचीपुरती ही झांकणी शहाआलमानें पुढें काढविली. परंतु रोगी पडद्याआडच राहिला. फस्त खोलावयाची असल्यास वस्त्रांत गुंडाळलेला हात किंवा पाय बाहेर येई, आणि शिरेच्या जागीं दोन बोटें रुंद कातडी काय ती उघडी असे. तेवढ्या कातडीवरून रोगी ओळखावयाचा.

नाडी पाहावयास वैद्यानें हात पडद्याच्या आंत घालावयाचा. कित्येक बायका दुखण्याचें सोंग करून वैद्यास बोलावीत. आंत आलेला हात धरून त्याचें चुंबन घेत, हलकेच चावीत, कोणी तो छातीशींही नेत. आणि जवळच्या दायांस व खोजांस संशय येऊं नये म्हणून मनुची कांहीं घडलेंच नाहीं असें दाखवी. या मजकुरावर आजवर चवीनें हंसणारे पुष्कळ झाले. आम्हांस तो निराळा दिसतो. ज्या घरांत बाहेरच्या पुरुषाचा शब्द कानीं पडण्यास आजारपणावांचून दुसरा मार्गच नाहीं, तेथें आजारी पडणें हीच एक सवड. या गोष्टी एकट्या औरंगाबादेच्या समजूं नयेत, कारण महाल छावणीबरोबर फिरे. पण येथील कोटाच्या आंत त्या निराळ्या रीतीनें चालल्या असतील असें मानण्यास कारण नाहीं. याच शहरांत इ. स. १६५७ त दिलरसबानू बेगम अकबर शहाजाद्यास प्रसवून महिन्याभरांत निवर्तली. तिचा मकबरा पाहावयास लोक दूरदूरून येतात. तिच्या दुखण्यांत पडद्यापलीकडे कोण हकीम बसला होता, हें विचारण्याचें कोणास सुचत नाहीं.

आतां या मजकुराचें पुढें काय झालें तें पाहूं. मनुचीनें आपला ग्रंथ या शतकाच्या अखेरीस युरोपांत धाडिला, तो जेझुइटांच्या हातीं लागला. त्यांतील फ्रान्स्वा कात्रू यानें इ. स. १७०५ त त्यावरून मोगल बादशाहीचा इतिहास फ्रेंचमध्यें छापिला. राजे, लढाया व वारसे ठेविले, आणि मनुचीच्या स्वतःच्या हकीकती बहुतांशीं गाळल्या. मनुची संतापला व त्यानें दुसरी प्रत व्हेनिसच्या सरकाराकडे पाठविली. मूळ प्रत हातोहात फिरत बर्लिनच्या राजग्रंथालयांत गेली. विल्यम आयर्विननें बर्लिन व व्हेनिस येथील प्रतींवरून इंग्रजी भाषांतर १९०७-०८ त चार खंडांत छापिलें, तेव्हां कुठें तीं पानें वाचकांपुढें आलीं. म्हणजे काजीची बायको आणि पडद्याआडच्या त्या स्त्रिया एका संपादकाच्या अभिरुचीपायीं दोनशें वर्षें वाचकांस पारख्या झाल्या.

कात्रूस दोष देणें सोपें आहे. आमच्याकडेही बाडाच्या अखेरीस कोऱ्या राहिलेल्या पानांवर औषधांच्या याद्या असतात. अमक्यास अमुक दिवस मात्रा दिली, गुण आला, नाहीं आला, एवढ्याच ओळी. सूची करणारा तेथें "संकीर्ण, निरुपयोगी" असा शेरा मारून बाड बांधून ठेवितो. आम्हींही तो मारिला आहे. औरंगाबाद, पैठण, दौलताबाद या बाजूचें असें पान कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यानें तें सोडवून वेगळें न करितां, ज्या पोथीस लागून असेल तिच्या नांवासह नकलून ठेवावें. औषधाचें नांव न लागल्यास अक्षर जसेंच्या तसें द्यावें, आणि रोग्याचें नांव असेल तर तें आधीं.