झिजायचं कुणी?

हायब्रिड गाडी घेऊन अडीच वर्षं झाली. मायलेजचे आकडे एक्सेलमध्ये भरून ठेवणाऱ्या जमातीतला मी, त्यामुळे पेट्रोलचा हिशोब पै न पै तयार असतो. जानेवारीत पुण्याहून सांगलीला जाताना कराडच्या पुढे समोरच्या चाकांतून गुरगुर ऐकू यायला लागली, म्हणून हायवेच्या कडेला एका टायरवाल्याकडे थांबलो. त्याने टायरच्या एका कडेवरून तळहात फिरवला, मग दुसऱ्या कडेवरून, आणि विचारलं, "पावणं, किती पळालीय गाडी?"

"अठ्ठावीस हजार."

"मग लवकर गेलं की टायर. पेट्रोल कमी खाती न्हवं ही? मग रबर खानारच."

मी हसलो. हा मनुष्य मला ऊर्जा-अक्षय्यतेचा नियम शिकवतोय की काय! पण त्याच दुकानात, माझ्या गाडीच्या शेजारी, उसाच्या बैलगाडीचं एक चाक पंक्चर काढायला पडलं होतं. बैल पलीकडे लिंबाखाली सोडलेले. माझ्या गाडीच्या बॉनेटवर 'हायब्रिड' लिहिलेलं आणि त्या गाडीच्या मागे 'आई-वडिलांचा आशीर्वाद'. दोघांचा डॉक्टर मात्र एकच. सांगलीला पोचेपर्यंत डोक्यात हेच घोळत राहिलं, आणि पुढचे दोन-तीन वीकएंड त्यातच गेले. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

टायर यायच्या कितीतरी आधी मराठीत त्याच्यासाठी एक शब्द होता: धाव. सुतार बाभळीच्या लाकडाचा तुंबा, आरे आणि पुठ्ठे जोडून चाक करायचा. मग लोहार लोखंडी पट्टीचं कडं चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करून घ्यायचा, शेण्यांच्या जाळात लालभडक तापवायचा, दोघा-तिघांनी सांडशीने उचलून ते चाकावर बसवायचं आणि वरून घागरीने पाणी ओतायचं. लोखंड आकसलं की सगळे सांधे करकचून आवळले जायचे. उन्हाळ्यात लाकूड सुकलं की धाव ढिली पडायची, मग चाकं ओढ्याच्या पाण्यात भिजत टाकायची. आपल्या सर्व्हिसिंगच्या कूपनांपेक्षा हा प्रकार फार वेगळा नव्हता.

या घाटमाथ्यावर चाक मुळात उशिराच रुळलं. देशावरून कोकणात माल जायचा तो लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून. इंग्रजी अमदानीच्या सुरुवातीला पुणे-सोलापूर भागात ज्या थोड्या गाड्या होत्या त्यांची चाकं दगडाची किंवा एकसंध लाकडाची असत. १८३० च्या दशकात लेफ्टनंट गेझफर्ड नावाच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली टेंभुर्णीला हलक्या, सुधारलेल्या गाड्या बनू लागल्या. रस्ते झाले, तशा गाड्या वाढल्या.

आणि रस्ते फुटायला लागले. अरुंद लोखंडी धाव, वर टनभर माल, म्हणजे सगळा भार दोन-तीन बोटं रुंदीच्या पट्टीवर. खडी-मुरुमाच्या रस्त्यात चर पडणारच. त्या चरांना आपण चाकोरी म्हणतो. (अप्रेझलच्या फॉर्ममध्ये 'चाकोरीबाहेरचा विचार करतो' असं लिहिणाऱ्यांनी एकदा खरी चाकोरी बघावी. त्यातून चाक बाहेर काढायला दोन बैल आणि चार माणसं लागतात!) इथे गंमत अशी, की धाव झिजायची हळूहळू आणि रस्ता झिजायचा भराभर. धावेचे पैसे गाडीवाल्याचे, रस्त्याचे सरकारचे. रबर आलं तेव्हा हा हिशोब उलटा झाला: रस्ता वाचला, झीज गाडीवाल्याच्या खिशात आली.

हवेच्या टायरचं पहिलं पेटंट १८४५ सालचं, रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश इंजिनियरचं. त्याने १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कात घोडागाडीला अशी चाकं लावून, ओढायला जोर कमी लागतो हे दाखवून दिलं. पण स्वस्त आणि पातळ रबर मिळेना, आणि प्रकरण विसरलं गेलं. पुढे १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉपने पुन्हा पेटंट घेतलं, ते पोराच्या तीनचाकी सायकलीवर केलेल्या प्रयोगातून. हा डनलॉप पेशाने जनावरांचा डॉक्टर होता, हे मला आत्ता आत्ता कळलं. त्याच १८८८ साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी भावाबरोबर सायकलींचं दुकान काढलं. त्या दुकानातून जे उभं राहिलं ते १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर आलं आणि त्याचं किर्लोस्करवाडी झालं. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. योगायोग म्हणा, पण लोखंडी नांगराने जमीन नासते म्हणणाऱ्या शेतकऱ्यांना नांगर विकणारा माणूस सुरुवातीला चाकंच विकत होता.

भारतातला पहिला टायर कारखाना डनलॉपचा, बंगालमध्ये साहागंजला, १९३६ चा. मुंबईत भांडुपला सिएट आली १९५८ मध्ये. बैलगाडीच्या टायरचा तर आता स्वतंत्र प्रकारच आहे. कंपन्या त्याला 'एडीव्ही' म्हणतात, म्हणजे जनावराने ओढायच्या वाहनाचा टायर. आणि या टायरचं सगळ्यात मोठं घर म्हणजे आपला ऊसपट्टा. सांगलीचा वसंतदादांचा कारखाना, रेठऱ्याचा कृष्णा, साखराळ्याचा राजारामबापू. गळीत हंगामात यांच्या वाटेवर संध्याकाळी गाडी चालवली असेल तर रिफ्लेक्टर नसलेल्या टायरगाड्यांची रांग तुमच्याही परिचयाची असेल. ऊसतोड मजुरांच्या भाषेत टोळ्यांचे प्रकार आहेत: डोकी सेंटर, गाडी सेंटर, टायर सेंटर. टायर सेंटरमध्ये बैलजोडी टोळीची आणि टायरगाडी कारखान्याकडून भाड्याने. मजुरी टनावर.

इथे मला एक कागद सापडला, आणि त्याने माझा रविवार खराब केला. केंद्र सरकारचे १९६५ चे नियम आहेत, ओढकामाच्या जनावरांवर क्रूरता होऊ नये म्हणून. त्यात दोन चाकी गाडीत किती वजन घालावं याचं कोष्टक आहे. मध्यम आकाराच्या बैलासाठी साध्या धावेच्या गाडीत ७०० किलो. हवेचे टायर असतील तर १०५०. बॉल बेअरिंग असतील तर १४००.

पुन्हा वाचा. हवेच्या टायरने ओढ कमी होते, हे थॉमसनने बागेत सिद्ध केलं होतं. मग कमी झालेली ओढ कुणाच्या वाट्याला आली? बैलाच्या नाही. क्रूरता थांबवायच्या नियमानेच ती बचत मालाच्या खात्यावर जमा केली. चाक सुधारलं, वजन दीडपट. आणखी सुधारलं, दुप्पट. बैल होता तिथेच. आणि हे झालं कागदावरचं. रस्त्यावर टनाच्या मजुरीचा हिशोब चालतो, त्यामुळे जोडीच्या गाडीत अडीच-तीन टन ऊस दिसणं नवलाचं नाही. मी गाडीवानाला दोष देत नाही. डोक्यावर उचल फेडायची असेल तर मीही दोन मोळ्या जास्त टाकीन. शिवाय टायरगाडीला बहुधा ब्रेक नसतो. धावेची जड गाडी उताराला आपसूक अडखळायची. टायरची गाडी घरंगळते आणि ती थोपवायची बैलांनी, मानेने, गुळगुळीत डांबरावर. बंगळूरच्या आयआयएमचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी १९७० च्या दशकात बैलगाडीचाच अभ्यास मांडला होता आणि जुवामुळे मानेला होणाऱ्या जखमा हा त्यांच्या तक्रारीचा मोठा भाग होता. मॅनेजमेंटच्या लोकांना बैलगाडीत काय रस, असं तेव्हा अनेकांना वाटलं असणार.

अर्थशास्त्रवाल्यांना यात नवीन काही नाही. जेव्हन्सने १८६५ मध्येच कोळशाबद्दल सांगून ठेवलंय, की इंजिन काटकसरी झालं की कोळसा कमी नाही, जास्त जळतो.

आता माझ्या गाडीकडे वळतो. हायब्रिड नवी गोष्ट नाही. १९०० च्या सुमाराला व्हिएन्नात फर्डिनांड पोर्शे या तरुण इंजिनियरने लोनर कंपनीसाठी पेट्रोल इंजिन, बॅटरी आणि चाकातच बसवलेल्या मोटरी अशी गाडी केली होती. तिचं एक दुखणं काय होतं? टायर! बॅटरी आणि इंजिन दोन्हींचं वजन त्या काळच्या मऊ रबराला पेलवेना. मग जवळजवळ शतकभर शांतता. डिसेंबर १९९७ मध्ये जपानात प्रियस आली, १९९९ मध्ये होंडाची इनसाइट. आपल्याकडे २००८ मध्ये सिव्हिक हायब्रिड आणि २०१० मध्ये प्रियस येऊन गेल्या, पण सातारा-सांगलीच्या रस्त्यावर हायब्रिड सहज दिसायला लागली ती २०२२ मध्ये ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर आल्यावर.

या गाड्यांना टायर देतात ते 'लो रोलिंग रेझिस्टन्स'वाले. टायर जमिनीला टेकला की चपटा होतो, सुटला की फुगतो, आणि या उठाबशांत थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. ती वाचवायची तर हवा जास्त भरा, टायर ताठ करा, नाहीतर वरचं रबर पातळ ठेवा. पातळ रबर म्हणजे कमी आयुष्य, हे सांगायला इंजिनियर नको. मिशेलिनने १९९२ मध्ये रबरात सिलिका घालून यातून बरीच वाट काढली, तरी टायरवाल्यांचा त्रिकोण कायम आहे: ओढ, पकड आणि टिकाऊपणा. एक कोपरा ओढला की दुसरा आकसतो. डेटाबेसवाल्यांनी कॅप थिअरम आठवावा.

त्यात भर म्हणजे मोटर शून्यापासूनच जोर लावते, त्यामुळे सिग्नलला चाक हलकंसं घासत निघतं. ब्रेक दाबला की वीज परत मिळते, पण ती फक्त मोटर जोडलेल्या चाकांतून, म्हणजे बहुधा पुढच्या. खंबाटकीच्या उताराला मी बॅटरीची पट्टी वर चढताना बघून खूश होतो, तेव्हा गाडी थोपवण्याचं बरंचसं काम पुढचे दोन टायर करत असतात. वळवायचं काम त्यांचंच. ओढायचंही त्यांचंच.

इथपर्यंत आल्यावर टायरवाल्याचं वाक्य खरं ठरलं असं वाटून लेख संपवणार होतो. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर माझ्या टायरांचा खून हायब्रिडने केलेला नाही. हायब्रिडची बॅटरी छोटी असते, वजन काही दहा किलोंच्या हिशोबात, पूर्ण इलेक्ट्रिक गाडीसारखं शेकड्यांत नाही. हे टायर थोडे लवकर जातात, निम्म्यात जात नाहीत. आणि माझ्या टायरच्या दोन्ही कडा गेल्या होत्या, मधला भाग शाबूत होता. एकच कड गेली असती तर अलाइनमेंट म्हणता आलं असतं. दोन्ही गेल्या म्हणजे हवा कमी. टायरवाल्याने गेज लावलं: २९. दारावरच्या स्टिकरवर ३५ लिहिलंय. पेट्रोल पंपावरचा पोरगा सवयीने तीस भरतो आणि मी मान डोलावतो. ताठ टायर हवा कमी झाली तरी बसलेला दिसत नाही, नुसता कडांवर चालत राहतो. डॅशबोर्डवर टायर प्रेशरचं पान आहे. मायलेजचं पान मी रोज बघतो. ते दुसरं अडीच वर्षांत तीनदा उघडलं असेल.

म्हणजे बचत कुणाच्या जिवावर होतेय, हे बघायचं यंत्र समोर होतं आणि मी बघत नव्हतो. पावसाळ्यात याच गुळगुळीत कडांवर मी बायको-पोरीला घेऊन महाबळेश्वरला जाऊन आलो, हे आठवून पोटात गोळा आला.

वाळवा तालुक्यात राजारामनगरला राजारामबापू इन्स्टिट्यूट आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये बैलगाडीच्या जुवाखाली एक जादा लहान चाक लावलं. 'सारथी' असं त्याचं नाव. मानेवर येणारा भार त्या चाकावर जावा एवढाच हेतू. फोटो तेव्हा व्हॉट्सअॅपवर सगळ्यांनी फॉरवर्ड केला होता, मीही केला होता. आता नीट पाहिला. दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या या हिशोबात मला सापडलेली ही पहिली सुधारणा, जिच्यातली बचत टनाच्या खात्यावर न जाता बैलाच्या मानेला मिळावी म्हणून केलेली आहे. आता झिजणार ते तिसरं चाक.

टायरवाल्याने विचारलं, "पहिलंच बसवू, का जास्त टिकनारं?" मी टिकणारे घेतले. मायलेज लिटरला पाऊण किलोमीटरने पडलंय, एक्सेलमध्ये ती रेघ खाली जाताना दिसते. त्या दिवशी माझा नंबर आधी होता, पण गाडीवान दोनदा येऊन बघून गेला. "दादा, ह्यांचं आधी करा," मी म्हटलं. पंक्चर निघालं, चाक चढलं, बैल जुंपले. अंधार पडायच्या आत त्याला खेप टाकायची होती.