मोलकरीण, तंबाखू आणि कॅमेरा

जगभरातल्या दिग्दर्शिकांवर बोलायचं म्हटलं की सुरुवात बहुतेक वेळा फ्रान्सपासून होते. अ‍ॅलिस गी यांनी १८९६च्या सुमारास, म्हणजे सिनेमा जेमतेम वर्षाचा असताना, छोटा कथापट केला. आपल्याकडे फातमा बेगम यांनी १९२६ साली ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला. ही नावं महत्त्वाचीच आहेत. पण आपण पिंपरी-चिंचवडमध्ये, कारखान्यांच्या शहरात बोलतोय. तेव्हा प्रश्न जरा वेगळा विचारू या. कष्टकरी बाईवर एखाद्या बाईनं सिनेमा केला, तेव्हा नेमकं काय बदललं?

उत्तरासाठी फार लांब जायला नको. १९८० साली पुण्यात घरकाम करणाऱ्या बायकांनी काम बंद ठेवलं. पगारवाढ हवी, हक्काची रजा हवी, एवढं साधं मागणं. त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. त्याच वर्षी बंगळूरला ‘युगांतर’ नावाचा एक गट सुरू झाला होता. दीपा धनराज, आभा भय्या, मीरा राव आणि कॅमेरामन नवरोज कॉन्ट्रॅक्टर ही त्यातली मंडळी. त्यांनी १९८१ मध्ये पुण्यात ‘मोलकरीण’ हा लघुपट केला, मराठीतून. भांडी घासणारी बाई तोवर पडद्यावर दिसायची ती चहाचा ट्रे घेऊन येण्यापुरती. इथे ती स्वतःच्या कामाचा हिशेब मांडते, आणि आपण ऐकतो.

मग निपाणी. आता निपाणी आणि चाकण यांचं एक नातं आहे, ते सांगतो. शरद जोशींचं कांदा आंदोलन सुरू झालं ते चाकणच्या बाजारात, आणि १९८१ मध्ये तंबाखू उत्पादकांचं मोठं आंदोलन झालं ते निपाणीत. तंबाखूच्या भावाची चर्चा महाराष्ट्रभर झाली. पण तीच तंबाखू वखारीत चाळणाऱ्या, निवडणाऱ्या बायकांचं काय? धुरळा नाकातोंडात जायचा, मजुरी तुटपुंजी. त्यांनीही संप केले, संघटना बांधली. युगांतरची मंडळी त्यांच्यात चार महिने राहिली. आधी ऐकलं, चर्चा केल्या. काय दाखवायचं, कसं दाखवायचं, हे त्या बायकांच्या सल्ल्यानं ठरत गेलं. त्यातून १९८२ मध्ये ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा लघुपट झाला.

हे ‘आधी ऐकणं’ लक्षात ठेवा. अमेरिकेत बार्बरा कॉपल यांनी असंच केलं होतं. केंटकीतल्या कोळसा खाणकामगारांच्या संपात त्या कामगारांसोबत राहिल्या, आणि १९७६च्या ‘हार्लन काउंटी, यू.एस.ए.’मध्ये खाणकामगारांच्या बायका संपाच्या आघाडीवर दिसल्या. त्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं.

आणि पुण्याच्याच सुमित्रा भावे. त्या मूळच्या समाजकार्याच्या क्षेत्रातल्या, संशोधक. वस्तीतल्या बायकांच्या आयुष्याचा अभ्यास त्यांनी केला. पण ज्यांच्यावर अभ्यास केला त्यांनाच तो वाचता येणार नसेल, तर उपयोग काय? या अडचणीतून १९८५ मध्ये ‘बाई’ हा लघुपट झाला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे सुनील सुकथनकरांसोबत ‘दोघी’, ‘वास्तुपुरुष’, ‘देवराई’ झाले. ‘कासव’ला तर सुवर्णकमळ मिळालं. पण या सगळ्याची सुरुवात एका अहवालाच्या अडचणीतून झाली, हे विसरू नये.

मग बदललं काय? सिनेमामुळे कायदा झाला, असं मी म्हणणार नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आला २००८ साली, म्हणजे ‘मोलकरीण’नंतर सत्तावीस वर्षांनी. ती लढाई संघटनांनी लढली. सिनेमानं केलं ते वेगळं. घरकामाला हजेरीपट नसतो, पगाराची पावती नसते, भविष्यनिर्वाह निधीचं खातं नसतं. कागदच नाही, तर इतिहास लिहायचा कशावरून? या बायकांचे चेहरे, त्यांची भाषा, त्यांचा युक्तिवाद या लघुपटांत राहिला. तो पुरावा आहे.

आज भोसरीच्या वर्कशॉपमध्ये, चाकणच्या असेंब्ली लाइनवर, कँटीनमध्ये, सोसायट्यांच्या घरांत हजारो बायका राबतात. कॅमेरा आता प्रत्येकीच्या फोनमध्ये आहे, त्याची कमतरता नाही. कमतरता आहे ती त्या चार महिन्यांची. आपल्यापैकी कुणी ते द्यायला तयार असेल, तर या इतिहासाचा पुढचा भाग इथेच घडू शकतो.