गलबतांचे बंदर, पाखरांचे बंदर

वसंत सरता सरता आपण व्याख्यानासाठी एकत्र जमतो. त्याच सुमारास आपल्याला फारशी दूर नसलेल्या ठाणे खाडीत एक निराळाच मेळा भरलेला असतो. ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलात हजारो रोहित पक्षी माना वाकवून चरत असतात. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांतले बहुतेक गुजरातेकडे परततील. भिवंडीकरांनी ते पाहावयास का जावे, याचे उत्तर मी पक्षिशास्त्रातून नव्हे, इतिहासातून देणार आहे.

भिवंडी हे एके काळी बंदर होते, ही गोष्ट यंत्रमागांच्या खडखडाटात आपण विसरून गेलो आहो. आपली कामवारी उल्हासच्या खाडीला मिळते. तीच खाडी वर कल्याणपर्यंत जाते आणि खाली वसईपाशी समुद्राला भेटते. कल्याणचे नाव पहिल्या शतकातील एका ग्रीक दर्यावर्द्याच्या प्रवासग्रंथात आले आहे. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि दोन वर्षांच्या आतबाहेर याच पाण्यावर मराठ्यांची जहाजे बांधली जाऊ लागली. खाडीचे तोंड तेव्हा वसईकर पोर्तुगीजांच्या हाती होते. साहजिकच येथल्या सुताराच्या प्रत्येक ठोक्याकडे त्यांचे कान लागलेले असत. १७३९ मध्ये वसई पडली तेव्हा कोठे ती वाट मोकळी झाली.

मग ते बंदर गेले कोठे? ते कोणी तोफांनी बुडविले नाही. मुंबईचे बंदर वाढले, १८५४ मध्ये आगगाडी कल्याणला पोहोचली, माल रुळांवरून जाऊ लागला आणि खाडीत गाळ साचत गेला. गलबतांचा राबता हळूहळू ओसरला. बंदर गेले तेव्हा त्याची दवंडी पिटली गेली नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

ठाण्याच्या उत्तरेस या खाडीचा एक लहान फाटा दक्षिणेकडे वळतो आणि ठाणे खाडीत उतरतो. गलबतांना नकोसा झालेला गाळ तेथे पाखरांच्या कामी आला. १९९० नंतरच्या काही वर्षांत रोहित येथे मोठ्या संख्येने येऊ लागले. धाकट्या रोहिताची चोच उलटी बुडवून पाणी गाळण्याची रीत पाहण्यासारखी असते. त्याचे मुख्य अन्न म्हणजे पाण्यातील सूक्ष्म शेवाळ, आणि पिसांचा गुलाबी रंगही त्या अन्नातूनच येतो. ६ ऑगस्ट २०१५ रोजी शासनाने येथे अभयारण्य जाहीर केले. त्याचे क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर असून त्यात ८९६ हेक्टर कांदळवन आहे. २०२२ मध्ये ठाणे खाडीची गणना रामसर करारातील जागतिक महत्त्वाच्या पाणथळींत झाली.

पण या शोभेला एक कडू बाजू आहे. शहरांचे सांडपाणी खाडीत येते, त्यातल्या खतावर शेवाळ माजते आणि म्हणून रोहित येतात, असे जाणकार सांगतात. तेव्हा पक्षी आले म्हणजे पाणी स्वच्छ आहे, असे समजून समाधान मानू नये. घाण आणखी वाढली, कारखान्यांचे विषारी पाणी मिसळले, तिवरांवर राडारोडा पडला, तर हा मेळाही उठेल. कांदळवनाचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांवरच घाला आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बजावले. तिवर लाटांचा जोर मोडतात आणि मासळीच्या पिलांना आसरा देतात. खाडीकाठच्या आगरी-कोळी बांधवांना हे सांगण्यास न्यायालय लागत नाही.

म्हणून एकदा कशेळीचा पूल ओलांडून ऐरोलीस जा. तेथील किनारी जैवविविधता केंद्रातून भरतीच्या वेळा साधून होड्या सुटतात. मुलांना बरोबर न्या. त्यांना गुलाबी थवे दाखवा, आणि परतताना पुलावर क्षणभर खालच्या पाण्याकडे बोट करून सांगा की, आपली गलबते येथूनच समुद्राला जात होती.

पहिले बंदर गेले तेव्हा आपले लक्ष नव्हते. या दुसऱ्या बंदराच्या बाबतीत तरी तसे म्हणण्याची पाळी आपल्यावर येऊ नये.