वेंडे आणि पालट

जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या 'ओको-इन्स्टिट्यूट' या संस्थेने 1980 साली एक पुस्तक काढले. त्याचे नाव 'एनर्गी-वेंडे'. खनिज तेल आणि युरेनियम यांच्याशिवायही भरभराट होऊ शकते, असे ते आकडेमोड करून सांगत होते. मधली रेघ पुढे गळून पडली. आज जर्मनीच्या सौरऊर्जेबद्दल काहीही वाचायला घ्या, हा शब्द भेटतोच.

'वेंडे' म्हणजे वळण. पोहणारा तलावाची भिंत गाठून उलटा फिरतो, ती वेंडे. शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडातून दुसऱ्या अंगाला वळवतात, तीही वेंडे. 1989 मध्ये पूर्व जर्मनीतली राजवट कोसळली, त्या काळालाही लोक 'वेंडे'च म्हणतात. आणि सूर्य उत्तरेला किंवा दक्षिणेला परततो, ते अयन म्हणजे 'झोनेनवेंडे'. सूर्याचे वळण दाखवणारा शब्द विजेच्या वळणासाठी जर्मनांच्या हाताशी होताच.

आपण मात्र सरकारी कागदांत 'ऊर्जा संक्रमण' लिहितो. सूर्याशी नाते तेही सांगते, कारण संक्रमण म्हणजेच संक्रांत. पण मराठी माणसावर संक्रांत 'येते', तेव्हा तीळगूळ मिळत नाही, घाला पडतो! कोळशावर पोट असलेल्या वणी-चंद्रपूरच्या माणसाला हा शब्द काय वाटेल? त्यापेक्षा 'ऊर्जापालट' म्हणावे, असे मला मनापासून वाटते. हवापालट, खांदेपालट, पिकांची फेरपालट: पालट शेतकऱ्याच्याही तोंडातला आहे, आणि त्यात भीती नाही.

जर्मन शब्दांत पैशाचा हिशेबही दडलेला आहे. छपरावरची वीज तारांत सोडणे याला ते 'आइनश्पाइझेन' म्हणतात, म्हणजे भरवणे. त्यातला 'श्पाइझे' म्हणजे अन्न, आणि तो आला खर्च या अर्थाच्या लॅटिन शब्दातून. खरा प्रश्न खर्चाचाच होता. 1990 च्या कायद्याने वीज कंपन्यांना अशी वीज विकत घेणे भाग पाडले. पुढे 2000 च्या कायद्याने सौर विजेला युनिटमागे 99 फेनिग असा दर 20 वर्षांसाठी बांधून दिला, आणि छपरावर पैसे घालायला साध्या घरांनाही धीर आला. जगभर पॅनेल स्वस्त होण्यामागे या दराचा मोठा वाटा आहे.

विजेला ते 'श्ट्रोम' म्हणतात. श्ट्रोम म्हणजे मोठ्या नदीचा ओघ. आपली 'वीज' आकाशातून आली, विद्युत्, विज्जु, वीज अशी. पण तिला शेतापर्यंत नेणाऱ्या फीडरला महावितरण 'कृषी वाहिनी' म्हणते, आणि वाहिनी म्हणजेही नदी.

माझा सर्वांत आवडता शब्द 'बाल्कोनक्राफ्टवेर्क'. क्राफ्टवेर्क म्हणजे वीजकेंद्र, धुराड्यांचे, कोळशाचे. त्याच्याआधी बाल्कनी लावली की काय दिसते? भाड्याच्या घराच्या कठड्याला टांगलेली दोन पॅनेल, मागे पुस्तकाएवढा इन्व्हर्टर, आणि तिथून निघून भिंतीतल्या साध्या सॉकेटात खोचलेली वायर. 2024 पासून इन्व्हर्टरला 800 वॅटपर्यंत मुभा आहे. कायद्याच्या भाषेत हे 'श्टेकरझोलारगेरेट', प्लगचे सौर उपकरण. लोकांनी ते नाव बाजूला सारले. ज्याच्या मालकीचे छप्पर नाही, तोही आपल्या कठड्याला वीजकेंद्र म्हणतो, यात मला या सगळ्या पालटाचे बळ दिसते. आपल्याकडे 'सोलर' म्हटले की अजूनही अनेक घरांत अंघोळीच्या पाण्याचा बंबच आठवतो.

एक शब्द काळजीचाही आहे: 'डुंकेलफ्लाउटे'. डुंकेल म्हणजे अंधारलेले; फ्लाउटे हाही खलाशांचाच, शिडे लोंबू लागतात ती वेळ. हिवाळ्यात आठवडाभर ऊन नाही आणि वाराही नाही, तेव्हा पॅनेल आणि पवनचक्क्या एकदमच ढेपाळतात. मग गॅस आणि कोळसा पेटवावा लागतो, शेजारी देशांकडून वीज घ्यावी लागते. बॅटऱ्यांचा साठा वाढवायची धडपड चालली आहे, पण आठवडाभराची खोट एकट्या बॅटऱ्यांनी भरून निघत नाही. मराठीत यासाठी नवा शब्द घडवायची गरज नाही. मळभ आले आणि वारा पडला, एवढे म्हटले तरी कोकणातल्या कुठल्याही नाखव्याला सगळे समजेल.