आसरा

नीरा-भीमेच्या संगमावरच्या नीरा-नरसिंहपूरला जा, नाहीतर बारामतीच्या मळ्यांत फिरा. नदीकाठी किंवा विहिरीच्या कडेला शेंदूर फासलेले सात गोटे कुठेतरी दिसतातच. या साती आसरा. समोर हळद-कुंकू, हिरव्या बांगड्या, खणा-नारळाची ओटी.

‘संकटात आसरा देतात म्हणून आसरा’ ही व्युत्पत्ती सहज सुचते, पण ती बरोबर नाही. डोक्यावरच्या छपराचा तो आसरा ‘आश्रय’वरून आला. नदीकाठची ती आसरा आली ‘अप्सरा’वरून. ‘अप्’ म्हणजे पाणी, ‘सृ’ म्हणजे सरणं: पाण्यातून फिरणारी. पुराणांनी तिला इंद्राच्या दरबारात नाचायला उभं केलं. आपल्या गावांनी मात्र तिला पाण्यापाशीच ठेवलं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

रोमनांची व्हीनसही समुद्रातूनच वर आलेली, पण ती पाण्यापाशी राहिली नाही. ९व्या शतकात इराकमध्ये मातीच्या भांड्यांवर कथलाची पांढरी झिलई चढू लागली. ती कला स्पेन-इटलीपर्यंत पोचली, आणि त्या झिलईवर रंगवलेल्या रोमन देवता दिवाणखान्यांत आल्या.

आसरेला मात्र असे रंगवलेले नाक-डोळे लागत नाहीत. भीमेच्याच खोऱ्यात, घोडनदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात कच्च्या मातीची बिनडोक्याची स्त्रीमूर्ती सापडली. मातीच्याच डबीत जपलेली, तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची. तिचं नाव कोणी लिहून ठेवलेलं नाही. आसरेचं नाव तेवढं बायकांच्या तोंडी टिकलं. म्हणून ‘सात आसरे’ असं कुणी लिहिलं की मी ते खोडून ‘साती आसरा’ करते.