शिशाची गोळी, ठासणीच्या बंदुकीची

नळीच्या तोंडातून आधी दारू आणि मग गोळी घालून गजाने ठासायच्या बंदुकीत वापरतात ती साच्यात ओतलेली गोल गोळी. या बंदुकीला विदर्भात भरमार असेही म्हणतात. बंदुकीचे ‘बोअर’ हे माप अशाच गोळीवरून ठरले. एका पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. ती गोळी ३७.८ ग्रॅमची आणि सुमारे १८.५ मिलिमीटर व्यासाची भरते.

दख्खनच्या काळ्या कातळात शिशाच्या खाणी नाहीत. मराठ्यांच्या काळीही शिसे बंदरांवरूनच, बरेचसे युरोपीय व्यापाऱ्यांकडून येई. फौजी गोळी नळीपेक्षा बरीच लहान ठेवत. दारूच्या काजळीने नळी भरली तरी ती झटपट आत जावी हा हेतू. नेम ढळला तर ढळला. १८४९ मध्ये फ्रान्समध्ये मिनिएची लांबट गोळी आली आणि फौजेतून गोल गोळीचे दिवस भरले.

नेमबाजाची गरज वेगळी. त्याला प्रत्येक गोळी आधीच्या गोळीसारखीच हवी. अर्ध्या इंचाची गोळी शुद्ध शिशाची असेल तर १२.१६ ग्रॅम भरते. व्यास एक दशांश मिलिमीटरने वाढला तर वजन पाव ग्रॅमहून जास्त वाढते. अशा गोळीला शुद्ध, मऊ शिसेच लागते. अँटिमनी मिसळलेले शिसे थंड होताना कमी आकसते. गोळी साच्यातून किंचित मोठी, पण वजनाला हलकी निघते आणि चिंधीत गुंडाळून ठासताना अडते.

शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, पण ओतताना ते त्याहून बरेच तापलेले, ४०० अंशांच्या आसपास लागते. वितळल्यावर मेणाचा खडा टाकून ढवळले की मळ वर येतो. तो काढून टाकायचा. साचा गार असेल तर गोळीवर सुरकुत्या पडतात, फार तापला तर ती चकाकी सोडून खरखरीत, पांढुरकी दिसते. म्हणून पहिल्या काही गोळ्या पुन्हा भांड्यात जातात. पुढे सगळा खेळ लयीचा. ओतणे, थांबणे, साचा उघडणे यांना दर वेळी तेवढाच वेळ दिला की साच्याची ऊब टिकते. घट्ट होताना शिसे साडेतीन टक्क्यांच्या आसपास आकसते. साच्याच्या तोंडावर शिशाचा थोडा जास्तीचा थेंब राहू दिला, तर आकसणारी गोळी त्यातून शिसे ओढून घेते. नाहीतर पोटात पोकळी राहते. ही पोकळी डोळ्यांना दिसत नाही, तराजूला दिसते. हलकी गोळी बाजूला काढावी; वरून गुळगुळीत दिसते म्हणून ठेवून घेण्याचा मोह नडतो.

धोके दोन, आणि दोन्ही खरे. पाण्याचा एक थेंब वितळलेल्या शिशाखाली गेला की वाफ होऊन शिसे अंगावर उडते. दुसरा धोका हळू येतो. शिशाची धूळ हातांनी पोटात जाते, आणि लहान मुलांच्या मेंदूवर तिचा परिणाम सर्वात जास्त होतो. ओतकाम उघड्यावर, मुलांपासून दूर करावे. त्याचे भांडे पुन्हा स्वयंपाकघरात जाऊ नये. जुन्या बॅटरीतले शिसे फुकट मिळते म्हणून घेऊ नये, त्यातून विषारी वायू निघू शकतात.

यवतमाळ जिल्ह्यात हा विषय पिकाच्या राखणीशी येऊन भिडतो. टिपेश्वर आणि पैनगंगा अभयारण्यांच्या या मुलखात तूर-हरभऱ्यात रानडुकरे आणि रोही शिरतात. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये खऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. ही बंदूक अपुरी पडेल अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मिळू शकते. दारूगोळ्याच्या व्याख्येत मात्र त्याचे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. तेव्हा घरी साचा आणण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून घेणे शहाणपणाचे. शिवाय बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायची मुभा नव्हे. रानडुक्कर आणि रोही दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली येतात, आणि पिकाची नासाडी करणारे जनावर मारायचे तरी वनखात्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते.